वणव्याचा जमाखर्च

महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानते. खरीप आणि रब्बी या दोन हंगामांची चर्चा विधानसभेत होते, वर्तमानपत्रांत होते आणि गावच्या पारावरही होते. हा तिसरा हंगाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. पहिल्या दोन हंगामांत काय पिकले याची मोजदाद होते. या तिसऱ्यात काय जळाले याची मोजदाद हेक्टरच्या एका आकड्यावर थांबते आणि तो आकडाही वार्षिक अहवालाच्या एखाद्या तक्त्यात जाऊन पडतो. गोंदिया जिल्ह्यासारख्या जंगलाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या सुशिक्षितांनी तरी या हंगामाकडे इतके दुर्लक्ष करावे हे नवल आहे. होळीच्या सुमारास रात्री डोंगराच्या अंगावर आगीची वेडीवाकडी माळ दिसते, आपण गच्चीवरून ती एकमेकांना दाखवतो, आणि खाली उतरून जेवायला बसतो.

ही माळ जिथे प्रथम दिसायला हवी ती जागा म्हणजे जंगलातील टेहळणीचा मनोरा. गेल्या मार्चमध्ये अर्थशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांसह नवेगावबांध परिसरातील अशा एका मनोऱ्यावर जाण्याचा योग आला. विद्यार्थ्यांना 'सार्वजनिक वस्तू' ही संकल्पना शिकवताना पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहाचे उदाहरण देत आली आहेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या मुलांना दीपगृह कळावे तरी कसे? त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातला मनोरा बरा, असा साधा विचार त्यामागे होता. लोखंडी जिना, वर पत्र्याचे छप्पर, चारी बाजूंना कठडा, पाण्याचे एक मडके, आणि बिनतारी यंत्र घेऊन बसलेला पन्नाशीचा एक गृहस्थ. एवढाच काय तो सारा संसार. मुले त्यांना मामा म्हणू लागली आणि तेही मोकळेपणाने बोलू लागले.

या माणसाचे काम वरवर पाहता बसून राहण्याचे आहे. प्रत्यक्षात ते वाचण्याचे आहे. गावातल्या चुलीचा धूर कोणता, शेताच्या धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवल्याचा कोणता, आणि जंगलातल्या पाचोळ्याचा कोणता, हे त्याला क्षणात ओळखावे लागते. सकाळचे धुके आणि दुपारच्या उन्हात थरथरणारी हवा दोन्ही डोळ्यांना फसवतात. चुकीची वर्दी दिली तर चार माणसे सहा-सात किलोमीटरची व्यर्थ पायपीट करतात. वर्दी दिलीच नाही तर काय होते ते सांगायला नको. एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, आता तर उपग्रह आग दाखवतात, मग तुमची गरज काय? प्रश्न थोडा निर्दय होता, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभणारा होता. ते हसून म्हणाले, "बाई, सॅटेलाइट सांगते तवा आग मोठी झाली असते. मी सांगतो तवा ते चुलीएवढी असते."

या एका वाक्यात जेवढे अर्थशास्त्र आहे तेवढे अनेक प्रकरणांत सापडत नाही. जरा हिशेबच करून पाहू. समजा, वारा पडलेला आहे आणि आगीची कड मिनिटाला दोन मीटर या सावकाश गतीने चारी दिशांना सरकते आहे. अर्ध्या तासाने जळालेले वर्तुळ जेमतेम सव्वा हेक्टरच्या आतले असेल आणि त्याचा परीघ भरेल ३७७ मीटर. झाडाच्या ओल्या डहाळ्या घेतलेली पाच-सहा माणसे ही कड झोडपून विझवू शकतात. तीच आग सहा तास कोणाच्या लक्षात आली नाही, तर क्षेत्र होते १६३ हेक्टर आणि परीघ साडेचार किलोमीटर. आता पाच-सहा माणसांनी काय करावे? वेळ बारा पट वाढला तर परीघही बारा पटच वाढतो, परंतु क्षेत्र एकशे चव्वेचाळीस पट वाढते. मनोऱ्यावरच्या माणसाची मजुरी आपण त्याने बसून काढलेल्या दिवसांवर मोजतो. त्याची खरी किंमत या साडेपाच तासांच्या फरकात आहे.

उपग्रहाचा उपहास करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना राज्यांना देत आली आहे आणि आज त्या थेट मोबाइलवर येतात. दुर्गम भागात जिथे मनोरा नाही, वाटही नाही, तिथे हे केवढे तरी साधन आहे. परंतु साधनाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ज्या 'व्हिअर्स' नावाच्या संवेदकावर आज मोठी भिस्त आहे, त्याच्या चित्रातील एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टरचा असतो. जुन्या 'मोडिस'चा चौकोन एक किलोमीटर बाजूचा, म्हणजे शंभर हेक्टरचा. 'व्हिअर्स' वाहणारे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात ते साधारण दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. दुपारी तीन-चार वाजता, म्हणजे पाचोळा सर्वांत कोरडा असताना लागलेली आग या वेळापत्रकात बसत नाही. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत, पाचोळ्यातून सरपटत जाणारा असतो. शेंड्यांवरून उड्या मारत जाणारा नव्हे. थोडक्या उष्णतेची अशी आग चौदा हेक्टरच्या चौकोनात हरवून जाणे स्वाभाविकच आहे.

मनोऱ्यालाही मर्यादा आहेत. भोवतालच्या सपाटीपासून पंचवीस मीटर उंचीवर डोळा असेल तर भूमितीच्या हिशेबाने क्षितिज अठरा किलोमीटरवर असते. शंभर मीटरवर असेल तर पस्तीस किलोमीटरवर. त्यातले दहा किलोमीटर जरी स्वच्छ दिसले असे धरले तरी एका मनोऱ्याच्या दृष्टिक्षेपात तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख येतो. पण हा कागदावरचा हिशेब झाला. नवेगावच्या तलावाभोवती डोंगरांचे कडे आहे. एकेक डोंगर आपल्यामागची दरी झाकून टाकतो. शिवाय एका मनोऱ्यावरून धुराची दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तोच धूर दिसला आणि दोघांच्या दिशांच्या रेषा नकाशावर एकमेकींना छेदल्या, म्हणजे मग जागा निश्चित होते. अमेरिकेत १९१० साली उत्तर रॉकी पर्वतात एका उन्हाळ्यात सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले, त्यानंतर तेथे असे मनोरे हजारोंच्या संख्येने उभे राहिले. त्यांतले बहुसंख्य पुढे ओस पडले आणि विमाने, कॅमेरे व उपग्रह आले; तरीही काहीशे मनोऱ्यांवर अजून उन्हाळ्यात माणूस बसतो. श्रीमंत देशालाही जे सर्वस्वी टाकून देता आलेले नाही, ते आपण कालबाह्य म्हणून मोडीत काढण्याची घाई करू नये.

आपल्याकडे मनोऱ्यांचे झाले आहे ते वेगळेच. ते पर्यटकांचे झाले आहेत. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे, नागझिरा अभयारण्य १९७० सालचे. २०१३ साली ही दोन्ही क्षेत्रे, नवेगाव अभयारण्य, नवीन नागझिरा आणि भंडारा जिल्ह्यातील कोका मिळून सुमारे ६५३ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. तेव्हापासून मनोरा म्हटले की वाघ दिसण्याची जागा, अशीच कल्पना रूढ झाली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी पाहण्यासाठी नागपूर-पुण्याहून मंडळी येतात. येवोत बापडी, त्यात गैर काही नाही. एका रात्रीच्या जागरणावर सचित्र लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. जो माणूस उन्हाळ्याचे चार महिने तिथेच बसतो त्याचे मस्टर मात्र कोणी पाहत नाही.

आणि पाहिले पाहिजे, कारण प्रश्न केवळ मजुरीचा नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन मजूर होरपळून मृत्युमुखी पडले, आणखी काही जखमी झाले. ते कायम नोकरीतले नव्हते, आसपासच्या गावांतले हंगामी, रोजंदारीचे लोक होते. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यातील कोट्टंबत्तूर येथे तीन वनकर्मचारी असेच गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात किमान चारजण गेले. तीन राज्ये, तीन वेगळी जंगले. मरणारा माणूस मात्र एकाच आर्थिक स्तरातला. आगीशी झुंजणारा शहरातला जवान शिरस्त्राण, बूट आणि जाड अंगरखा घालून जातो, आणि ते योग्यच आहे. जंगलातला माणूस डहाळी घेऊन आणि फार तर पाठीवर पाला उडवण्याचे यंत्र घेऊन जातो. चढावर आग सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने वर धावते आणि वारा केव्हाही फिरतो. या दोन गोष्टी पुस्तकात वाचलेल्या माणसापेक्षा त्याला अधिक ठाऊक असतात. परंतु ठाऊक असून उपयोग काय, जर त्याला तिथून मागे फिरायला सांगणारा, वरून सारे पाहणारा डोळाच नसेल? मनोऱ्यावरचा माणूस आगीची वर्दी देतो एवढेच आपण धरून चालतो. खाली धुरात उतरलेल्यांना आपल्या मागे काय पेटले आहे हे सांगणाराही तोच असतो.

आता आग लागते कशी, याकडे वळू. विजेच्या कडकडाटाने किंवा बांबू एकमेकांवर घासून आग लागते ही समजूत आपल्याकडे फार प्रिय आहे, कारण तिच्यात कोणावर दोष येत नाही. आपल्या पानगळीच्या जंगलात बहुतेक आगी माणसाच्या हातूनच लागतात. काही बिडीच्या थोटकाने, काही शेतातून पसरून. आणि काही समजून-उमजून. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पाचोळ्यात ती वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा स्वच्छ करतात. तेंदूची झुडपे छाटली की त्यांना मोठी, कोवळी, बिडीला योग्य अशी पाने फुटतात. छाटणीला मजुरी पडते, आगीला पडत नाही. म्हणून ठेकेदारांच्या हितसंबंधियांकडून आगी लावल्या जातात, असा आरोप वर्षानुवर्षे होत आला आहे.

शहरी निसर्गप्रेमी येथे लगेच 'अडाणी लोक' असा निवाडा देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकास हा निवाडा मुळीच मान्य नाही. झाडाखाली काडी ओढणारी बाई अडाणी नसते. तिचा हिशेब तिच्यापुरता अगदी बरोबर असतो. पाचोळा झाडायला लागणारे दोन-तीन तास तिला वाचतात, आणि डोंगरापलीकडे शंभर हेक्टर जळाले तर त्यातला तिच्या वाट्याला येणारा तोटा तिला जाणवण्याइतकाही नसतो. लाभ एकाचा, हानी सर्वांची, हा प्रकार अर्थशास्त्राला नवा नाही. कारखान्याच्या धुराड्याबाबत आपण तो लगेच ओळखतो. मोहाच्या झाडाखाली ओळखायला तयार नसतो. कारखानदाराला कोणी अडाणी म्हणत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

हानी तरी किती? मोठी झाडे बहुधा तगतात, म्हणून आठवडाभराने तिथून जाणाऱ्याला 'फारसे काही झाले नाही' असे वाटते. जाते ते रोप. ऐन, बीजा, धावडा यांची हातभर वाढलेली रोपे जळतात. काही मुळांतून पुन्हा फुटतात, पुढल्या वर्षी पुन्हा जळतात. वीस वर्षे असे चालले की जंगलात आजोबा असतात आणि नातवंडे नसतात. रानकोंबडीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ नेमका हाच. पाचोळा कुजून होणारे खत राख होऊन उडते. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहते, आणि ती जाते कुठे? पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले नवेगावचे तळे आणि गावोगावचे मालगुजारी तलाव यांच्याच पोटात ती जाऊन बसते. ज्या धानउत्पादकाने जंगलात कधी काडी नेली नाही, त्याच्या बांधीला पाणी एक पाळी कमी मिळते. हा तोटा वणव्याच्या नोंदीत येत नाही. तो पाटबंधाऱ्याच्या गाळाच्या नोंदीत येतो, आणि दोन खात्यांची दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत.

काही अभ्यासक म्हणतात की आग ही अशा जंगलाच्या स्वभावातच आहे. ती सर्वस्वी बंद केली तर पाचोळा साचून एखाद्या वर्षी फार मोठा भडका उडेल. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. मध्य प्रांतात इंग्रजांनी १८६० च्या दशकात बोरीच्या जंगलात आगप्रतिबंधाचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. जाळरेषा आखून हंगामाआधी त्या नियंत्रितपणे जाळणे ही वनखात्याची रीत याच विचारातून आलेली आहे. परंतु फेब्रुवारीच्या आरंभी दहा माणसे उभी करून जाळलेली पट्टी वेगळी आणि एप्रिलच्या दुपारी मोकाट सुटलेली आग वेगळी. औषधाची मात्रा सांगणाऱ्या वैद्याचा दाखला देऊन विषाचे समर्थन होत नाही.

कायदा आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवले आहे. त्याच कायद्याच्या ७९ व्या कलमाने जंगलात हक्क भोगणाऱ्या गावकऱ्यांवर आगीची वर्दी देण्याचे आणि ती विझवायला मदत करण्याचे बंधनही घातले आहे. शंभर वर्षे होत आली, या बंधनाने किती आगी विझल्या? ज्याच्यावर वनरक्षकाने काल जळाऊ लाकडासाठी केस केली, तो आज त्याच्या हाकेला धावून येईल अशी अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

याउलट, जिथे मालकीची भावना परत आली तिथे काय घडले हे पाहण्यासारखे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाले. त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे उत्पन्न स्वखुशीने सोडले, कारण तो गोळा करताना फांद्या तोडल्या जातात आणि आगी लागतात. तेंदूची फळे आपल्याला आणि पाखरांना मिळतील, असा विचार तिथल्या लोकांनी केला. माधव गाडगीळांनी या गावाबद्दल लिहिले आहे. सामाईक संपत्ती म्हणजे नासाडी ठरलेलीच, हा सिद्धान्त खोडून काढल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमचे विद्यार्थी ऑस्ट्रॉमबाईंचे नाव पाठ करतात. पाचगावचे नाव त्यांना ठाऊक नसते. अर्थात प्रत्येक गाव पाचगाव होणार नाही. ज्या घरचा मे महिन्याचा खर्च फळीवर नेलेल्या तेंदूच्या पुड्यांवरच भागतो, त्याला पाने सोडून द्या म्हणण्याचा अधिकार पगारदारांना पोचत नाही.

त्याला दुसरे काही तरी दिले पाहिजे, आणि ते फार महागाचे नाही. मोहाच्या झाडाखाली जाळी पसरली तर फुले स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो आणि काडी ओढण्याचे कारणच उरत नाही. जाळी विकत कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. ती शासनाने घ्यावी, कारण वाचणारे जंगल शासन आपले म्हणवते. तेंदूच्या छाटणीची मजुरी ठेक्याच्या अटीतच वेगळी काढून ती गावात वाटली जावी. आणि ज्या गावाच्या हद्दीतले जंगल १५ जूनपर्यंत जळले नाही, त्या ग्रामसभेला न जळालेल्या हेक्टरमागे ठरावीक रक्कम मिळावी. मोजायला उपग्रह आहेतच. आगीची वर्दी द्यायला ते उशिरा पोचत असले, तरी हंगामाअखेर जळालेला काळा डाग त्यांना अचूक दिसतो. ज्याचे जे काम त्याला ते द्यावे.

मनोऱ्यावरच्या माणसाविषयी मागणी याहून साधी आहे. चार महिन्यांचे लेखी नेमणूकपत्र, विमा, पायात बूट, आणि दरवर्षी तोच माणूस. धूर वाचण्याची विद्या एका हंगामात येत नाही. नव्या मजुराला ती पहिल्यापासून शिकावी लागते, आणि शिकेपर्यंत जून उजाडतो. यात अडचण पैशांपेक्षा तारखांची अधिक आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. वणव्याचा हंगाम बरोबर मध्ये कापला जातो: पहिले दीड महिना जुन्या वर्षाच्या अनुदानात, पुढले अडीच महिने नव्या वर्षाच्या. मार्चअखेर म्हणजे काय असते ते या पानाच्या वाचकांपैकी कचेरीत काम करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. जुने अनुदान संपवण्याची धावपळ, आणि मग नवे हाती येईपर्यंतची शांतता. पाचोळा सर्वाधिक असतो, मोह गळत असतो आणि वारा सुटलेला असतो तो याच शांततेच्या दिवसांत. नागझिऱ्यातली ती घटनाही आर्थिक वर्षाच्या आठव्या दिवशी घडली. हंगामी अग्निरक्षकांच्या मजुरीची तरतूद १५ फेब्रुवारीलाच चार महिन्यांसाठी एकरकमी मोकळी करण्याचा एक शासननिर्णय निघावा. त्याला नवा कायदा लागत नाही, केंद्राची परवानगीही लागत नाही. वित्त विभागाच्या एका टिपणीचे काम आहे, आणि ती टिपणी जानेवारीपूर्वी लिहिली गेली पाहिजे.